जुनी जीप उभी करताना

नांदेड-लातूरच्या पट्ट्यात जुन्या महिंद्रा जीपचं इंजिन उघडायला जीपचाच मिस्त्री शोधावा लागत नाही, ट्रॅक्टरचं काम करणाराही चालतो. यामागे वंशावळ आहे. महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भारतात ट्रॅक्टरची कंपनी काढली. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर गावोगावी पोचला. पुढे जीपला पेट्रोल परवडेना, तेव्हा याच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं सुमारे २,३५० सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन जीपच्या बॉनेटखाली आलं. नंतर कमांडर, मार्शलमध्ये दिसणारं २,५२३ सीसीचं एमडीआय इंजिनही त्याच रक्ताचं. पिस्टनचा फेरा तोच, १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर चार इंच. बोअर तेवढं वाढवून ८८.९ मिलिमीटरवर नेलं.

ऊस, सोयाबीन आणि तुरीच्या या मुलखात ट्रॅक्टर आहे, म्हणून लेथ आहे. लेथ आहे, म्हणून बुश, पिन, स्लीव्ह बनवून देणारा टर्नर आहे. डिझेल पंप आणि नोझल तपासणारं दुकान आहे, पाटे बांधणारा आहे, क्रँक घासून देणारा आहे. पुण्या-मुंबईत हौशी माणूस जुनी जीप घेतो तेव्हा यातल्या एकेका कामासाठी त्याला शहरभर फिरावं लागतं. मराठवाड्यात ही सगळी बाजारपेठ शेतीने आधीच उभी करून ठेवली आहे. तरीही इथल्या कितीतरी जीपा अर्ध्या उघडलेल्या अवस्थेत शेडमध्ये पडून राहतात. बहुतेक वेळा पैसा पुरला नाही असं सांगितलं जातं. नीट पाहिलं तर पैसा भलत्या जागी आधी गेलेला असतो. कमी खर्चात जीप उभी करण्याचं गमक स्वस्त सुट्या भागांत थोडं आणि कामाच्या क्रमात जास्त आहे.

घराणं ओळखा

गाडी पाहायला जाण्याआधी ती कोणत्या पिढीची आहे ते कळलं पाहिजे, कारण सुट्या भागांचं गणित तिथूनच सुरू होतं. महिंद्राची कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. त्याच सुमारास अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपची जुळणी मुंबईत सुरू झाली.

जुन्या सरकारी जीपचं उंच, चौकोनी बॉनेट अनेकांना आठवत असेल. तो नमुना सीजे-३बी. अमेरिकेत तो १९५३ मध्ये आला आणि १९६८ मध्ये थांबला. महिंद्राने तो त्यानंतरही कितीतरी वर्षं चालवला. बॉनेट उंच होण्याचं कारण खाली आहे. त्यातल्या हरिकेन पेट्रोल इंजिनाचे इनटेक वाल्व वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वाल्व खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन आधीच्या नमुन्यापेक्षा उंच झालं आणि बॉनेटला वर सरकावं लागलं. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, पंचायत समित्या कामाला लागल्या. साहेबाची जीप ही खेड्यातली ओळखीची गोष्ट झाली ती त्याच काळात. सरकारी खात्यांच्या लिलावातून निघालेल्या अशा गाड्या अजूनही हातोहात फिरतात.

१९८५ च्या सुमारास एमएम-५४० आली. तिच्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन होतं. नावातच त्याचं माप आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचं बोअर. फेरा ८३ मिलिमीटरचा, एकूण २,११२ सीसी. हे इंजिन ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा शांत चालतं, पण थंडीत ग्लो प्लग तापल्याशिवाय उठत नाही. त्याच्या सुट्या भागांसाठी थोडी जास्त शोधाशोध करावी लागते.

या संकराचा परिणाम पान्यांच्या पेटीवरही होतो. एक्सल, गिअरबॉक्स, चेसिस अमेरिकन वळणाचे, म्हणून तिथले नट-बोल्ट इंचाचे: ७/१६, १/२, ९/१६. फ्रेंच इंजिनाचे मिलिमीटरचे. एकाच गाडीला दोन्ही पाने लागतात. चौदाचा पाना ९/१६ च्या नटावर जवळपास बसतो, आणि ‘जवळपास’ बसणारा पानाच नटाचे कोपरे गोल करतो. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांखाली गेलेल्या गाडीत इंची भोकात मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने फिरवलेला सर्रास सापडतो. तिथे आटे गेलेले असतात. लेथवाल्याकडून नवे आटे पाडून घेणं हे स्वस्त काम आहे, पण ते जुळणीच्या आधी करायचं काम आहे.

महिंद्राखेरीज दोन गाड्यांचा मोह पडतो. मारुतीची जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये ९७० सीसी इंजिनासह आली आणि १९९६ मध्ये तिला १,२९८ सीसीचं इंजिन मिळालं. ती हलकी आणि चपळ आहे, पण तिचं इंजिन ट्रॅक्टरच्या मिस्त्रीच्या हातातलं नाही. लष्कराच्या लिलावातून येणारी जोंगा जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या नमुन्यावर बनत होती. तिचं सहा सिलिंडरचं सुमारे ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन पाहून छाती फुगते आणि पंपावर ती उतरते. घेताना स्वस्त, पोसताना महाग. बजेट आखडतं असेल तर ट्रॅक्टरशी नातं सांगणारी डिझेल जीपच बरी.

फोर बाय फोर खरी की नावाची

मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून धावलेल्या बहुतेक कमांडर आणि मार्शल टू व्हील ड्राइव्ह होत्या. दिसायला जीप, पण पुढच्या एक्सलमध्ये क्राऊन-पिनियनच नाही. अशा गाडीला मागाहून फोर व्हील करण्याचा खर्च मूळ फोर व्हील गाडी घेण्यापेक्षा जास्त होतो, आणि कागदोपत्री अडचण वेगळीच. म्हणून आधी गाडीखाली झोपायचं आणि पाहायचं: गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस आहे का, तिच्यातून पुढे जॉइंट शाफ्ट जातो का, पुढच्या एक्सलच्या पोटाला गोळा आहे का.

या गाड्यांतली यंत्रणा साधी आहे. ट्रान्सफर केसमधला लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, त्यांना जास्त फिरायचं असतं. मातीत चाक थोडं घसरतं आणि हा फरक जिरतो. डांबरावर तो जिरत नाही; पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो, लिव्हर अडकतो, आणि जोर केला तर जॉइंटचा क्रॉस तुटतो. लिव्हर निघत नसेल तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, पीळ सुटतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील न टाकणं हा या गाड्यांच्या देखभालीतला सर्वांत स्वस्त नियम आहे.

लो रेंजचं बळ आकड्यांत पाहू. सीजे-३बीच्या तीन गिअरच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण २.८, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचं २.४६ आणि क्राऊन-पिनियनचं ५.३८. तिघांचा गुणाकार ३७ च्या आसपास येतो. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. पाऊणशे अश्वशक्तीच्या आतबाहेरची ही गाडी नांगरलेल्या रानातून वर चढते ती या गुणाकाराच्या जोरावर. मात्र दोन्ही एक्सलमधली डिफरन्शियल साधी असतात. पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत किंवा निसरड्यात गेलं की चारही चाकांची गाडी जागीच घुमते.

यंत्रणा खरंच चालते का, हे पाहायला साधा जॅक पुरतो. इंजिन बंद, उरलेल्या चाकांना दगडाची अटक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, ट्रान्सफर फोर व्हीलमध्ये, हबला लॉक असतील तर तेही लावलेले. पुढचं एक चाक उचलून हाताने फिरवून पाहा. ते अडलं तर साखळी जोडलेली आहे. मोकळं फिरलं तर कुठेतरी कडी तुटली आहे: हब निकामी, आतला एक्सल शाफ्ट काढलेला किंवा जॉइंटच गायब. डिझेल वाचावं, आवाज कमी व्हावा म्हणून पुढचा जॉइंट काढून ठेवण्याची रीत जुनी आहे. तो शेडच्या कोपऱ्यात मिळाला तर नशीब.

आणखी एक तपासणी बहुतेक लोक विसरतात. हायवेला वेग मिळावा म्हणून कुणीतरी मागचा क्राऊन-पिनियन वेगळ्या गुणोत्तराचा बसवलेला असू शकतो. टू व्हीलमध्ये गाडी उत्तम पळते. फोर व्हील टाकलं की पुढचं आणि मागचं एक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात आणि काहीतरी फुटतं. एकेक एक्सल उचलून दोन्ही चाकं बरोबरीने एक फेरा फिरवावीत आणि शाफ्टचे फेरे मोजावेत. पुढचा-मागचा आकडा एकच आला पाहिजे.

कागद आणि चेसिस

इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. कागद आणि चेसिस बदलता येत नाहीत, म्हणून सौद्याआधी फक्त या दोन गोष्टींवर अडून बसावं.

चेसिसवरचा ठोकलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. इंजिनाचा नंबर वेगळा असेल तर त्या बदलाची नोंद आरसीवर आहे का ते पाहावं. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकून इंधनाच्या रकान्यात अजून ‘पेट्रोल’ असलेल्या गाड्या कमी नाहीत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. १५ वर्षांवरच्या मोटारीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं; ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या हलक्या गाड्यांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आलं. मुदत उलटून गेली असेल तर दरमहा जादा आकार चढतो. महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहे, तोही थकलेला असू शकतो. गाडी एमएच २६ ची असो की एमएच २४ ची, हा सगळा हिशेब आरटीओतून काढून तो गाडीच्या किमतीत मिळवल्यावरच ती स्वस्त आहे की नाही हे कळतं.

चेसिसच्या बाबतीत मराठवाड्याची कोरडी हवा मदतीला येते. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत जो पत्रा काही वर्षांत कुजतो तो इथे टिकतो. पण इथली काळी माती वेगळा डाव टाकते. ती चेसिसच्या पोकळीत, पाट्यांच्या हँगरमागे, क्रॉस मेंबरच्या खोबणीत भरून बसते आणि ओल धरून ठेवते. बाहेरून धडधाकट दिसणारा लोखंडी पट्टा आतून पापुद्र्यांचा झालेला असतो. म्हणून माती खरवडून, हातोडीने टकटक करत जावं. निरोगी लोखंड वाजतं, कुजलेलं दबका आवाज देतं. विक्रीच्या तोंडावर खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर दुप्पट वेळ ठोकून पाहावं.

चेसिस वाकली आहे का ते ओळंबा आणि दोरीने कळतं. पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट, अशी दोन कर्णांची मापं घ्यायची, घराचा पाया आखताना घेतात तशी. दोन्ही सारखी आली पाहिजेत. फरक बोटभर असेल तर गाडी कधीतरी पडलेली किंवा आदळलेली आहे.

आधी थांबणं, मग वळणं, मग ओढणं

गाडी घरी आल्यावर पहिली चूक म्हणजे ती पूर्ण सुटी करणं. सुट्या गाडीचे भाग हरवतात, मिस्त्री बदलतो, पाऊस येतो, पैसे पेरणीत जातात. मग दोन वर्षांनी पोत्यांमध्ये भरलेली जीप भंगाराच्या भावात निघते. इथल्या शेतकरी घरात पैसा हंगामाने येतो: दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा, त्यानंतर तुरीचा, मग उसाच्या बिलाचा. काम त्याच हप्त्यांत बसवता आलं पाहिजे. एका वेळी एक यंत्रणा उघडावी, पुरी करावी, गाडी पुन्हा चाकावर आणावी आणि मगच पुढच्या कामाला हात घालावा.

पहिली यंत्रणा ब्रेक. जुन्या जीपमध्ये चारही ड्रमना एकाच मास्टर सिलिंडरमधून एकच सर्किट जातं. एका चाकाची रबरी नळी फुटली की चारही ब्रेक गेले. म्हणून रबरी नळ्या, मास्टर आणि व्हील सिलिंडरचे किट, ब्रेक ऑइल हे सगळं नवं आणि चांगल्या कंपनीचं घ्यावं. इथे भंगाराचा विचारही नको. ड्रम लेथवर फेस करून घेता येतात, पण एका एक्सलचे दोन्ही ड्रम सारख्या मापाला काढावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. जुन्या नमुन्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे जॉइंटच्या तोंडाशी एक छोटा ड्रम असतो, तिथे तो पकडतो. मागचा जॉइंट उतरवला की हँडब्रेक ओढूनही गाडी उताराला लागते. गाडीखाली शिरण्याआधी चाकांना लाकडी ठोकळे लावायचे ते याचसाठी.

दुसरी यंत्रणा स्टिअरिंग. चाळीस-पन्नासच्या वेगाला पुढची चाकं थडथडायला लागतात आणि स्टिअरिंग हातात नाचतं, हा या गाड्यांचा प्रसिद्ध आजार. त्यावर स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून वेळ मारून नेतात. त्याने ढिलाई दबते आणि बॉक्स आतून खाल्ला जातो. शोध चाकाकडून बॉक्सकडे करावा: आधी टाय रॉडचे एंड, मग किंगपिनची बेअरिंगं आणि त्यांच्या शिमा, मग पाट्यांचे बुश आणि शॅकल, शेवटी बॉक्स. पाट्यांचे बुश आणि पिना लेथवर होतात, बसलेले पाटे पुन्हा कमान देऊन बांधता येतात. टाय रॉडचे एंड मात्र नवेच.

तिसरी यंत्रणा ओढण्याची: जॉइंट, ट्रान्सफर केस, एक्सल. जॉइंट शाफ्टचे दोन तुकडे दात्यांवर सरकत जोडलेले असतात. उतरवताना खूण केली नाही आणि एक-दोन दाते चुकवून जोडले, तर दोन टोकांचे फोर्क एका रेषेत राहत नाहीत आणि नवे क्रॉस टाकूनही गाडी थरथरते. खडूची एक रेघ हा खर्च वाचवते. पुढच्या एक्सलच्या टोकांना मोठे लोखंडी गोळे असतात. त्यांच्यावर गंजाचे खड्डे पडले की नवं सीलही महिन्याभरात फाटतं. गोळा आधी बारीक एमरीने घासून गुळगुळीत करावा, मग सील. ऑइलमध्येही फरक आहे. क्राऊन-पिनियनला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल हवं. पितळी सिंक्रो रिंग असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-४ बरं, कारण जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात.

इंजिन: उघडण्याआधी मोजा

इंजिन चौथ्या क्रमांकावर आहे याचं आश्चर्य वाटेल. पण डिझेल इंजिन थकलं तरी एकदम दगा देत नाही. आधी सांगत राहतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. नोझल, पंप, एअर फिल्टर पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा किंवा वाल्वचे सील. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर टायमिंग, कमी कॉम्प्रेशन किंवा हेडच्या पॅकिंगमधून आत येणारं पाणी. नोझल तपासून, पंप कॅलिब्रेट करून घेतल्यावर निम्म्या तक्रारी मिटतात, आणि हे दोन्ही इंजिन न उघडता होतं.

त्यानंतर कॉम्प्रेशन मोजावं. चारही सिलिंडर थोडे थोडे खाली आले असले, पण आपसात सारखे असले, तर इंजिन अजून काढू शकतं. एखादाच फार खाली असेल तर रोग तिथेच आहे. गॅरेजच्या भाषेत हाफ काम म्हणजे हेड, वाल्व, रिंगा. फुल काम म्हणजे त्याशिवाय लायनर-पिस्टन, क्रँक, बेअरिंग. कोणतं हवं हे मापाने ठरवावं. क्रँक घासली की बेअरिंग अंडरसाइज लागतं: दहा थाउ, वीस थाउ, तीस थाउ. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. क्रँक आधीच तीसवर गेलेली असेल तर पुढे घासायला फारशी जागा उरत नाही. म्हणून क्रँकचं माप मायक्रोमीटरने घेतल्याशिवाय बेअरिंगचं किट विकत आणू नये. आणलेलं किट दुकानदार परत घेत नाही.

गाडी धावता धावता दम सोडते, थांबून पंप मारला की पुन्हा उठते, तर लाइनने हवा धरली आहे. टाकी ते पंप या वाटेवरचे तांब्याचे वॉशर आणि जुन्या नळ्या बदलल्या की काम होतं. गाडी पाणी उकळत असेल तर रेडिएटरकडे पाहावं. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच ओतल्याने रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या पोकळीत क्षाराचे थर बसतात. रेडिएटर उघडून रॉड मारून घ्यावा, ब्लॉक धुवावा आणि पुढे शुद्ध पाणी व कूलंटच वापरावं. हे न करता केलेलं फुल काम पहिल्याच उन्हाळ्यात हेडचं पॅकिंग उडवतं.

इंजिनासोबत वायरिंगही करून घ्यावं. जुन्या जीपमध्ये प्रत्येक मालकाने आपापली वायर जोडलेली असते आणि फ्यूज कुणीच लावलेला नसतो. जोडत बसण्यापेक्षा पूर्ण नवं वायरिंग, फ्यूज बॉक्स आणि इंजिन-चेसिसमधली जाड अर्थिंगची पट्टी टाकावी.

कुठे वाचवायचं

सगळ्या भागांचे तीन ढीग मनात करावेत. जीव ज्यावर अवलंबून आहे आणि जे झिजतं ते नवं: ब्रेकचे रबर, सील, बेअरिंग, टाय रॉड एंड, क्लच प्लेट. जे ओतीव लोखंडाचं आहे आणि फुटल्याशिवाय खराब होत नाही ते जुन्या बाजारातून: एक्सलचं हाउसिंग, गिअरबॉक्सचं कव्हर, बेल हाउसिंग, काचेची फ्रेम, सीटचा सांगाडा. आणि जे साध्या आकाराचं आहे ते इथेच बनवून: बुश, पिन, ब्रॅकेट, सायलेन्सरचा पाइप, पायाखालचा पत्रा. ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा आणि विसरून जावा. गाडी तो शोधून काढतेच.

वाचवण्याच्या नादात कायद्याची रेघ ओलांडू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या प्रकरणात स्पष्ट केलं की निर्मात्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल अशी गाडीची रचना मालकाला बदलता येत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या नंतरच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग काम. गाडी ५० वर्षांची झाली असेल तर आणखी सावध राहावं. जुलै २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘विंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते, पण मूळ रूप राखलेलं असलं तरच. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांचं उदाहरण याबाबतीत बोलकं आहे. त्यांनी सुमारे ६०,००० रुपयांत भंगारातून छोटी जीपसारखी गाडी बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये महिंद्रा समूहाचे अध्यक्ष आनंद महिंद्रा यांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं आणि ही गाडी नियमात बसत नसल्याने ती कधीतरी बंद करावी लागेल, असंही सांगितलं. त्यांनी लोहारांना बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती मिळाली. कारागिरीबद्दल शंका नव्हती; रस्त्यावर चालवण्याचा हक्क मात्र कारागिरीतून मिळत नाही.

रुंद टायरचा हट्टही इथेच तपासावा. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खोबणींत भरते आणि टायर गुळगुळीत करून टाकते. अशा चिखलात रुंद टायर वर तरंगतो आणि घसरतो, मूळचा ६.००-१६ मापाचा अरुंद, मोकळ्या गोट्यांचा टायर चिखल कापत खालचा कठीण थर शोधतो. शिवाय मोठ्या टायरचा भार हबच्या बेअरिंगवर आणि नुकत्याच दुरुस्त केलेल्या स्टिअरिंगवर पडतो.

रंग सर्वांत शेवटी

बहुतेक अर्धवट जीपांचा इतिहास रंगापासून सुरू होतो. पत्राकाम झालं, चकचकीत रंग लागला, फोटो निघाले, आणि मग इंजिन उतरवताना चेन ब्लॉक मडगार्डवर आपटला. ब्रेक ऑइल सांडलं, त्याने रंग उकलला. क्रम पाळला तर रंगाची पाळी येण्याआधी गाडी चालून दाखवते. नव्या इंजिनाला पहिले ५०० किलोमीटर जड ओझं आणि सलग एकच वेग देऊ नये. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलावा, वाल्वची गॅप तपासावी, यू बोल्ट, चाकांचे नट, जॉइंटचे बोल्ट पुन्हा आवळावेत. एक फेरी किनवट-माहूरच्या घाटवळणांवर आणि एक पाऊस पडून गेलेल्या रानातल्या गाडरस्त्यावर झाली की उरलेली सगळी गळती, खडखड आणि थरथर बाहेर येते.

ती यादी संपल्यावर पत्र्याला हात लावावा. गंज पुट्टीखाली दाबू नये. कापून नवा पत्रा जोडावा आणि दाराखालची, पायाखालची पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवावीत. रंग साधा आणि सहज मिळणारा निवडावा. कामाच्या जीपला दर वर्षी कुठे ना कुठे ओरखडा पडणारच, आणि तो तालुक्याच्या पेंटरला जुळवता आला पाहिजे. तोवर गाडी रंगाविना, डागाळलेल्या पत्र्यानिशी हिंडली तरी बिघडत नाही. ती थांबते, वळते, ओढते आणि कागदावर खरी आहे. हंगामाचा पैसा कमी पडला तर याच टप्प्यावर थांबता येतं, आणि तरीही दारात चालती गाडी असते.